निरंक फुप्फुसं

कारखान्याच्या तक्त्यांत ‘व्यवसायजन्य आजार’ नावाचा एक रकाना असतो. त्यात काय भरलेलं असणार, हे मी तक्ता न उघडता सांगतो. निरंक. आमच्या छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा आहे, वाळूज आहे, शेंद्रा आहे, खाली पैठणची एमआयडीसी आहे. हजारो माणसं तीन पाळ्यांत राबतात, धूळ खातात, धूर पितात, आणि वर्षअखेरीला रकान्यात येतं निरंक. इतकी निरोगी प्रजा सत्ययुगातही नसेल. धन्वंतरीनं आता कमंडलू ठेवावा आणि पाचोडच्या फाट्यावर चहाची टपरी टाकावी, दुसरं काय?

हा निरंक पिकतो कसा, ते सांगायला हा लेख आहे. नमुन्यादाखल मी अ‍ॅस्बेस्टॉस घेतलाय. बाकीच्या काही धुळींना निदान घाई असते. माणसाला लगेच खोकायला लावतात आणि पकडल्या जातात. अ‍ॅस्बेस्टॉस दम धरतो. वीस वर्षं, तीस वर्षं, कधी चाळीस. एवढा संयम मी फक्त मंत्रालयातल्या फायलींत पाहिलाय.

ओळख करून देतो. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे दगड, पण पिंजता येतो, कातता येतो, विणता येतो. जळत नाही, कुजत नाही, ताण सोसतो, आणि स्वस्त. म्हणून तो सिमेंटच्या पत्र्यात गेला, ब्रेक लायनरमध्ये, क्लच प्लेटमध्ये, गॅस्केटमध्ये, बॉयलरच्या वेष्टणात गेला. पिंजताना, कापताना, घासताना त्याचे डोळ्याला न दिसणारे धागे सुटतात आणि श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे आपल्या संरक्षक पेशी त्यांना गिळायला धावतात. धागा पेशीपेक्षा लांब. गिळता येत नाही, पचवता तर त्याहून नाही. पेशी मरते, दाह होतो, वण उरतो. मग दुसरी पेशी येते, तिचीही तीच गत. वर्षानुवर्षं हे चाललं की मऊ, लवचीक फुप्फुस चिवट होऊन आक्रसतं. हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. बरं करणारं औषध नाही. जोडीला फुप्फुसाचा कॅन्सर, आणि फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा. कामाच्या जागी अ‍ॅस्बेस्टॉस श्वासात गेल्यानं जगात दरवर्षी दोन लाखांहून जास्त माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आमच्या रकान्यात त्यांच्यातलं कुणी येत नाही. मरण आमच्या सीमेवर थबकत असावं.

आता निरंक तयार करण्याची पहिली पायरी पाहू. तिचं नाव आरोग्य शिबिर.

अशी शिबिरं मी पाहिली आहेत. कारखान्यांची नावं सांगत नाही, कारण तऱ्हा सगळीकडे एकच. कॅन्टीनमध्ये टेबल, टेबलावर हिरवं कापड, मागे बॅनर. बॅनरवर मोठ्या साहेबांचा फोटो, कामगाराच्या एक्स-रेच्या तिप्पट. लॅपटॉपला जोडलेली एक नळी आणि ती धरून बसलेलं एक घाईतलं पोरगं. ‘चला मामा, नाकाला चिमटा लावा, मोठा श्वास घ्या, आन् फुंका. फुंका, फुंका, फुंका... बास. पुढचे या!’ ही चाचणी नीट करायची तर दम पार संपेपर्यंत, पाच-सहा सेकंद तरी फुंकत राहावं लागतं, आणि किमान तीन फुंका घ्याव्या लागतात. त्यांचे आकडे एकमेकांशी जुळावे लागतात. पोराला जेवणाच्या सुट्टीत शंभर माणसं उरकायची असतात. ते मामांना एकदा फुंकायला लावतं आणि मामांचं फुप्फुस डिजिटल होतं.

मग यंत्रातून कागद निघतो, आणि खरी मौज तिथे आहे. पुढच्या काही ओळी शास्त्रोक्त आहेत, पण तुम्ही हुशार आहात, आणि शिबिरातल्या डॉक्टरांपेक्षा तुमच्याकडे वेळही जास्त आहे. यंत्र मुख्य दोन आकडे देतं. दम संपेपर्यंत एकूण किती हवा बाहेर आली, तो एफव्हीसी. त्यातली पहिल्या सेकंदात किती आली, तो एफईव्ही-वन. दम्यात किंवा विडीच्या जुनाट खोकल्यात श्वासनळ्या अरुंद होतात. पहिल्या सेकंदाला हवा अडते, म्हणून दोघांचं गुणोत्तर घसरतं. अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये अडचण नळीची नसते, फुप्फुसाच्या मापाची असते. आत हवाच कमी मावते. मावते तेवढी सुसाट बाहेर येते. दोन्ही आकडे हातात हात घालून खाली उतरतात आणि गुणोत्तर दिसतं झकास. समजा एखाद्याच्या वयाला नि उंचीला ३.६ लिटर यायला हवेत. आले २.२, त्यातले १.९ पहिल्याच सेकंदात. गुणोत्तर ८६ टक्के. वा! एकूण क्षमता मात्र अपेक्षेच्या ६१ टक्के. जेवणाची वेळ टळत चाललेला डॉक्टर यातला कोणता आकडा बघेल? ज्यावर लगेच शिक्का मारता येतो तो. ‘रेशो नॉर्मल.’ धाडकन शिक्का. निरंक.

आणि याच्याही आधी बिघडते ती हवेतून रक्तात प्राणवायू जाण्याची वाट. ती मोजणारी डीएलसीओ नावाची चाचणी आहे, पण तिचं यंत्र कॅन्टीनच्या टेबलावर येत नाही. साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो. वण आधी दिसतात ते एचआरसीटी स्कॅनमध्ये. तोही शिबिराच्या पॅकेजमध्ये नाही. पॅकेजमध्ये वजन आहे, उंची आहे, रक्तगट आहे. रक्तगट दरवर्षी तपासतात. मधल्या काळात बदलला असेल तर?

याच कारखान्यांत २१ जूनला योग दिवस साजरा होतो, तोही शेडमध्येच. मशीन तासभर बंद, सतरंज्या अंथरलेल्या, छताच्या कैच्यांवर वर्षांची धूळ, आणि एचआरच्या बाई माइकवरून सांगतायत: पूरक... कुंभक... रेचक. म्हणजे शेडमधलं जे असेल ते खोल आत ओढा, आत दाबून धरा, आणि मग जेवढं परत निघेल तेवढं सोडा. फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी पेपरात येतात: ‘कामगारांच्या आरोग्यासाठी कंपनीचा पुढाकार’. एवढ्या शिस्तीत धूळ खाऊ घालायची कल्पना गिरणीमालकांच्या काळात कुणाला सुचली नव्हती. प्रगती म्हणतात ती हीच.

दुसरी पायरी: वेळ. इथे मालकाला काहीच करावं लागत नाही, नुसतं थांबायचं. बाळासाहेब ठाकऱ्यांनी आमच्या शहराचं नाव संभाजीनगर असं १९८८ मध्ये जाहीर केलं. सरकारी मोहोर उमटली २०२३ मध्ये. पस्तीस वर्षं. १९८८ मध्ये ज्या पोरानं अ‍ॅस्बेस्टॉसचे लायनर घासायला सुरुवात केली, त्याचा आजारही साधारण त्याच मुहूर्तावर उघड होतो. फरक इतकाच की नावासाठी मोर्चे निघाले, बस फुटल्या, निवडणुका लढवल्या गेल्या, बाजूनं नि विरुद्ध कोर्टबाजी झाली. फुप्फुसासाठी या शहरात कुणी टायर पेटवल्याचं मला आठवत नाही. टायर जाळून फुप्फुसं वाचत नाहीत हे मलाही कळतं, पण निदान विषय तरी निघाला असता.

या पस्तीस वर्षांत काय काय होतं? माणूस सात ठेकेदारांच्या हजेरीवरून फिरतो. प्रत्येक ठेकेदार त्याला अकरा महिन्यांनी नवा करतो. दरवर्षी कोरं करकरीत बाळ. कंपनीच्या दारावरची पाटी बदलते. ठेकेदार नगरसेवक होतो. निरीक्षक बदलून जातो, निवृत्त होतो, त्याचा सत्कार होतो. मग हा गडी एक दिवस रांजणगावच्या पत्र्याच्या खोलीतून घाटी हॉस्पिटलच्या ओपीडीत येऊन रांगेत बसतो. डॉक्टर विचारतात, काय काम करता? तो खरं तेच सांगतो: ‘आता काही नाही साहेब, दम लागतो.’ केसपेपरवर पडतं: बेरोजगार. झालं. धागा सोडून बाकी सगळे साक्षीदार फितूर.

हे अफाट तत्त्वज्ञान आपण शोधलं, असं वाटून कुणी छाती फुगवू नये, फुगत असली तरी. मूळ माल विलायती आहे. लँकेशायरमधल्या रॉचडेल गावी टर्नर ब्रदर्सच्या अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीत नेली केरशॉ नावाची बाई सूत कातायची. दम लागून तिनं अंथरूण धरलं. आजारपणाचा विमा देणारी संस्था म्हणाली, बाई, तुझा आजार कामावरून झालाय, आमच्याकडे बसत नाही, मालकाकडे जा. मालक म्हणाला, बाई, असा आजारच अस्तित्वात नाही. एकाच छातीत एकाच वेळी आजार आहे आणि नाही! आपल्या न्यायशास्त्राच्या पंडितांनी घट-पटावर शेकडो वर्षं घासली, पण असा सिद्धांत त्यांना जमला नाही. नेली १९२४ मध्ये गेली. वय ३३. कंपनीनं अंत्यविधीलाही पैसे दिले नाहीत, कारण दिले तर पायंडा पडेल.

त्याच वर्षी डॉ. कुक यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिच्या फुप्फुसांबद्दल लिहिलं. १९२७ मध्ये आजाराला नावही मिळालं. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला: ३६३ कामगार तपासले, चारांतल्या एकाहून जास्त जणांच्या फुप्फुसांत वण सापडले. १९३१ मध्ये ब्रिटननं धुळीचे नियम केले. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला, १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचा. तेव्हा ‘आम्हाला काय ठाऊक?’ हे वाक्य १९३१ नंतर ज्यानं ज्यानं उच्चारलं, त्याला खुशाल खोटारडा म्हणावं.

आता हा धागा इकडे आणू. टर्नर ब्रदर्स ही टर्नर अँड न्यूअल या बड्या घराण्यातली. फेरोडो ही त्या घराण्याची ब्रेक लायनिंगची कंपनी, आणि तिचा आपल्याकडचा अवतार म्हणजे घाटकोपरची हिंदुस्तान फेरोडो, नंतरची हिंदुस्तान कंपोझिट्स. तिथल्या कायम कामगारांपैकी १८१ जणांना डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तपासलं आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. पाचांतल्या एकाहून जास्त जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस. म्हणजे १९३० मध्ये चारांतला एक, पाऊण शतकानंतर पाचांतला एक. शाब्बास! या वेगानं आणखी तीनशे वर्षांत रोगाचं उच्चाटन होईल, काळजी नसावी.

त्या निबंधात एक आकडा आहे, तो मी पाठ करून ठेवलाय. देशात अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध येणारे कामगार अंदाजे एक लाख. भरपाई मिळालेले तीसहून कमी. आणि कारणं सांगताना लेखकांनी भीड ठेवलेली नाही: मालकांच्या पैशानं झालेले अभ्यास आजाराचा दाखला देत नाहीत, डॉक्टरांना या रोगाचं शिक्षण नाही, ब्राँकायटिस किंवा टीबी असं मुद्दाम चुकीचं निदान होतं, आणि मध्यमवर्गीय डॉक्टरांच्या मनात कामगारांविषयी मुळातच अढी असते. वैद्यकीय नियतकालिकात असं वाक्य! मी दोनदा वाचलं, मग उठून चहा केला.

याच कंपनीचे कारखाने आज पैठणला आणि भंडाऱ्याला आहेत. पैठणच्या कारखान्यावर मी कसलाही आरोप करत नाही. माझा सवाल आम्हा जिल्हावासीयांना आहे. पैठण म्हटलं की आम्हाला नाथषष्ठी आठवते, पैठणी आठवते, जायकवाडीत किती टक्के पाणी आहे ते रोज सकाळी तोंडपाठ असतं. कामगारांच्या छातीत किती टक्के हवा आहे, हे कोणत्या बुलेटिनमध्ये येतं? घाटकोपरला पाचांतला एक सापडला, कारण कंपनीबाहेरचं कुणीतरी शोधायला गेलं. सापडण्याची ती एकमेव पद्धत आहे. निरंक राहण्याची पद्धतही तितकीच सोपी: शोधायचं नाही.

सरकारबद्दल बोलायला हवं, नाहीतर त्यांना वाईट वाटेल. अ‍ॅस्बेस्टॉसच्या नव्या खाणपट्ट्यांवर भारत सरकारनं १९८६ मध्ये बंदी घातली आणि १९९३ पासून जुन्यांचं नूतनीकरण थांबवलं. कारण? आरोग्याला घातक. उत्तम. मग वर्षाला तीन-चार लाख टनांच्या घरात हाच माल बाहेरून आणू लागलो: रशियाचा, कझाकस्तानचा, ब्राझीलचा. थोडक्यात, देशी अ‍ॅस्बेस्टॉस विषारी. उरल पर्वताच्या कुशीतून आलेला मात्र सुसंस्कृत, पासपोर्टवाला. आत्मनिर्भरतेचा एवढा डंका पिटतो आपण, निदान मरणाचा धागा तरी स्वदेशी वापरायचा!

कॅनडाची कथा तर वरताण. तो देश कित्येक वर्षं आपल्या इमारतींतून अ‍ॅस्बेस्टॉस खरवडून काढत होता आणि त्याच वेळी आपल्याला विकत होता. शेवटी २०१८ मध्ये त्यांनीच बंदी घातली. ब्रिटननं १९९९ मध्ये घातली होती, अमेरिकेनं पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर २०२४ मध्ये. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्यांच्या देशात वापर बंद केला, निर्यात सुरूच राहिली. विकणाऱ्यांच्या घरात चालत नाही ते आमच्या छपरावर चालतं. पाहुणचार म्हणावा तर असा.

आणखी एक. अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा, धूळ नि धागे, आयात करायला आपल्या घातक कचऱ्याच्या नियमांत सक्त मनाई आहे. कोरा माल मात्र पोत्यांनी आणा. म्हणजे दुसऱ्यांच्या कामगारांनी हाताळून उरलेला धागा आपल्याला चालत नाही. आपल्याला ताजाच लागतो. २००५ च्या अखेरीला ‘क्लेमांसो’ ही फ्रेंच विमानवाहू नौका अलंगला मोडीत यायला निघाली, तेव्हा तिच्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून केवढा गहजब झाला! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना जहाज परत बोलवावं लागलं. रास्तच झालं. पण त्याच काळात आमच्या बंदरांत अ‍ॅस्बेस्टॉसनं भरलेली जहाजं रीतसर जकात भरून उतरत होती. त्यांना कुणी काळे झेंडे दाखवले?

आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर तर आम्ही नाट्यसंगीतच गातो. रॉटरडॅम करारात पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस घालायचा की नाही, यावर खल चालतो. घातला म्हणजे बंदी येत नाही हो; ‘माल धोक्याचा आहे’ असं विकणाऱ्यानं आधी कळवायचं, एवढंच. २०११ मध्ये जिनिव्हात भारतानं होकार दिला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. २०१३ मध्ये घूमजाव. विकत घेणारा गिऱ्हाईकच दुकानदाराला सांगतो: शेटजी, डबीवर विष लिहू नका, आमच्या पोरांची भूक मरते.

आता उद्योगाच्या ब्रह्मवाक्याचा क्षण: ‘नियंत्रित वापर’. पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस सौम्य असतो, सिमेंटमध्ये घट्ट बांधलेला असतो, काळजीनं वापरला तर धोका नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सगळ्याच प्रकारांना माणसात कॅन्सर करणारे म्हणते, पण ते असू दे. धड, न तुटलेला पत्रा छपरावर नुसता बसून फारसं विष सोडत नाही, हेही खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण पत्रा छपरावर उडत जातो का? वाळूजमध्ये एखाद्या दुपारी उभं राहून बघा. पोरगं उकिडवं बसलंय, पायाखाली पत्रा, हातात कटर. पाणी मारून कापायचं असतं. पाण्याचा ड्रम पाच दिवसांनी भरतो, पिऊ की पत्र्यावर ओतू? कटर फिरतो, पांढरा लोट उठतो, पोराच्या भुवया आजोबांच्या होतात. तोंडाला रुमाल. हा रुमाल गाडीवर ऊन लागू नये म्हणून असतो. धाग्याला तो उघडा दरवाजाच. शेजारी मुकादम तंबाखू मळत उभा. हा ‘नियंत्रित वापर’. नियंत्रण कुणाचं, तर वाऱ्याचं.

किंवा कुठल्याही जुन्या गॅरेजात जा. ट्रकचं चाक उतरवलंय, ब्रेकचा ड्रम उघडलाय, आत लायनरची काळपट भुकटी. मेकॅनिक काय करतो? हवेचा पाइप घेतो आणि फुस्स करून उडवतो. भुकटी त्याच्या तोंडावर, शेजारच्या पाना देणाऱ्या बारक्याच्या तोंडावर, कटिंग चहाच्या ग्लासावर. लायनर अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे की बिगर-अ‍ॅस्बेस्टॉसचा, हे खोक्यावर धडपणे वाचायला मिळालं तर बारक्या नशीबवान. संध्याकाळी तेच कपडे घरी जातात आणि बायको धुण्याआधी ते झटकते. १९६५ मध्येच लंडनच्या अभ्यासात, नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांवरून घरात आलेल्या धाग्यानं मेसोथेलिओमा झालेल्या बायका सापडल्या होत्या. कारखान्याचं तोंड न पाहिलेल्या या बाईला कोणत्या रकान्यात बसवणार? ती तर निरंकाच्याही बाहेर.

नियमातही नियंत्रण आहे बरं का. फॅक्टरी अ‍ॅक्टाच्या परिशिष्टात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची मर्यादा घातलेली होती: हवेच्या दर मिलिलिटरला एक धागा. अमेरिकेत १९९४ पासून ती त्याच्या एक दशांश. युरोपनं २०२३ मध्ये शतांश करायचं ठरवलं. म्हणजे आमचं फुप्फुस अमेरिकनापेक्षा दहापट आणि युरोपियनापेक्षा शंभरपट बळकट, हे आमच्या कायदेमंडळानं गृहीत धरलं होतं. ज्वारीच्या भाकरीचा एवढा गौरव कुठल्या साहित्य संमेलनातही झाला नसेल.

इथपर्यंत आलं की हमखास एक सद्गृहस्थ उठतात आणि कळवळून म्हणतात, ‘अहो, पण ते गरिबाचं छप्पर आहे!’ गरिबाच्या नावानं अश्रू ढाळणाऱ्या या गृहस्थांचा बंगला सिडकोत, उल्कानगरीत किंवा ज्योतीनगरात असतो. त्यावर स्लॅब. पोर्चला पॉलीकार्बोनेट. एवढा गुणी, निर्धोक, टिकाऊ पत्रा स्वतःच्या बेडरूमवर का नाही हो घातलात? गरिबाला स्वस्त छप्पर हवंच. अ‍ॅस्बेस्टॉसशिवायचे सिमेंटचे पत्रे बनतात, बंदी झालेल्या देशांत माणसं उघड्यावर झोपत नाहीत. आणि आमच्या मराठवाड्यात २०१४ सारखी गारपीट झाली की हेच छप्पर चिंध्या होऊन अंगणात पडतं. तुकडे कुठे जातात? खड्ड्यात भराव म्हणून, गोठ्याच्या भिंतीत, पोरांच्या खेळात. गरिबाची एवढी काळजी असलेल्यांपैकी ते गोळा करायला कुणी आलेलं नसतं.

तिसरी पायरी डॉक्टरांची, आणि तिचं हत्यार विडी. ‘पिता का?’ ‘पितो, थोडी.’ बस, खटला संपला. गुन्हेगार सापडला, तोही एका बंडलात. विडी वाईट आहे यात वाद नाही. पण अ‍ॅस्बेस्टॉसिस विडीनं होत नाही. आणि अ‍ॅस्बेस्टॉस नि तंबाखू एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसती बेरीज करून थांबत नाही, त्याहून पुष्कळ चढतो, हे सेलिकॉफ यांनी १९६८ मध्येच दाखवलं. म्हणजे विडी पिणाऱ्याला धुळीपासून जास्त जपायला हवं. आमच्याकडे उलट: विडी पितो, म्हणजे धूळ निर्दोष. विडी पीत नसेल तर? मग टीबी. बेडका तपासला, काही नाही निघालं. तरी सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू. गोळ्या संपल्या, दम तसाच. ‘नीट घेतल्या नसतील.’ घ्या, आता दोष पुन्हा पेशंटचाच.

असा आजार दिसला की कळवणं डॉक्टरला बंधनकारक होतं, ठाऊक आहे? फॅक्टरी अ‍ॅक्टाचं कलम ८९. कळवायच्या आजारांच्या यादीत अ‍ॅस्बेस्टॉसिस स्पष्ट. न कळवल्यास दंड होता जास्तीत जास्त एक हजार रुपये. हजार! एवढ्यात एचआरसीटीच्या फिल्मचं पाकीटही येत नाही. उलट कळवलं तर कारखान्याचं पॅनेल जातं, शिबिरं जातात, दिवाळीचा ड्रायफ्रूटचा डबा जातो. हिशेब ज्याचा त्यानं करावा. डॉक्टरांचं गणित चांगलं असतं.

आता हे सगळं वाचून तुम्ही विचाराल, मग न्याय कुठे आहे? आहे, १९९५ मध्ये आहे. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर, कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. आणि निव्वळ सुविचार सांगून थांबलं नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यानं प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं, किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे उशिरा संपेल तोवर जपायची. हवेतले धागे मोजायचे. कामगाराचा विमा उतरवायचा. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेनं आजार प्रमाणित केला तर एक लाख रुपये द्यायचे. २०११ मध्ये त्याच न्यायालयानं संपूर्ण बंदीची याचिका फेटाळली, पण १९९५ चे आदेश मात्र कायम ठेवले. म्हणजे धाग्याचा संयम न्यायालयानं ओळखला होता. त्यानं चाळीस वर्षं थांबायचं, तर फाइलनंही थांबायचं.

या आदेशाचं पुढे काय झालं, हे एखाद्या निवृत्त कामगारानं कारखान्यात जाऊन विचारावं. गेटवर सिक्युरिटी म्हणते, एचआरला विचारा. एचआर म्हणतं, तुम्ही ठेकेदाराचे. ठेकेदार म्हणतो, मी तर आता प्लॉटिंगच्या धंद्यात. कामगार विम्याचे ईएसआयवाले म्हणतात, कामावरून झाल्याचा कागद आणा. कंपनी म्हणते, ईएसआयनं तसं लिहून दिलं तर बघू. हे ऐकून नेली केरशॉच्या मालकांचा ऊर भरून आला असता: आपली परंपरा किती निष्ठेनं जपलीय या लोकांनी!

म्हणून माझा सल्ला ऐका. तुमच्या घरात, गल्लीत, भावकीत कुणी पत्रे कापले असतील, लायनर घासले असतील, बॉयलरची वेष्टणं सोलली असतील, तर छातीच्या डॉक्टरसमोर बसताना पहिलं वाक्य कामाचं सांगायचं. दम, खोकला, विडी सगळं नंतर. कुठल्या साली, कुठल्या खात्यात, किती वर्षं. फुंकणीच्या कागदावर गुणोत्तराला भुलायचं नाही; एफव्हीसी अपेक्षेच्या किती टक्के, ते विचारायचं, आणि मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवायचा. पगाराची पावती, हजेरी कार्ड, गेटपास, रंग उडालेला असला तरी, फेकायचा नाही. आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केलं असेल तर आपल्या आरोग्य नोंदीची प्रत स्पीड पोस्टानं मागायची.

ते म्हणतील, अशी नोंद नाही. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. दम आधीच कमी आहे. हसून म्हणायचं, ‘बरं साहेब, एवढंच लेटरहेडवर लिहून द्या: या कामगाराची नोंद आमच्याकडे नाही. खाली सही, शिक्का, तारीख.’ इतकी वर्षं निरंक लिहिणारे हात एकदम आखडतात. नोंद नाही असं तोंडानं सांगणारे शंभर मिळतील. तेच स्वतःच्या नावानं लिहून देणारा एक जण या जिल्ह्यात सापडला, तर मला कळवा. त्याचा मी जाहीर सत्कार करीन, आणि त्याचं पत्र घेऊन दुसऱ्याच दिवशी कामगार न्यायालयाची पायरी चढेन.